तुम्ही विचारलंत म्हणून : काउंट नॉर्मल आहे, मग अडलंय कुठे?

"काउंट नॉर्मल आहे म्हणतोस ना, मग अडलंय कुठे?" आम्हाला मूल होत नाही म्हणून माझ्या स्पर्म काउंटवरून, म्हणजे शुक्राणूंच्या संख्येवरून, हे विचारणाऱ्यांत सख्खे आहेत, चुलत आहेत, साइटवरचे सुपरवायझर आहेत, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाने विचारलं आणि मी त्याला ओळखतही नव्हतो. आजवर प्रत्येकाला वेगळं काहीतरी सांगून सुटलो, ट्रीटमेंट चालू आहे, बघू, होईल. आता एकदाच सगळं लिहून काढतो आणि पुढे कुणी विचारलं की हेच वाचायला देणार. लग्नाला किती वर्षं झाली, किती डॉक्टर झाले, कुठले नवस झाले हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, ते सोडतो.

तर उत्तर असं की अडलंय शेपटीत. माझे स्पर्म भरपूर आहेत, बरेचसे जिवंत आहेत, पण एकही जागचा हलत नाही कारण त्यांना धड शेपटी नाही. काहींना अजिबात नाही, काहींना नुसतं खुंट, काहींची गुंडाळलेली, काहींची मधेच जाड मधेच बारीक. रिपोर्टमध्ये मोटिलिटीपुढे, म्हणजे हालचालीपुढे, शून्य आहे. थोडी कमी वगैरे नाही, शून्य.

आता तुमचा मुद्दा, की काउंट नॉर्मल आहे. आहे ना. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या मॅन्युअलप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख ही खालची मर्यादा धरतात, माझे ४ कोटींच्या वर आहेत. पण त्याच पानावर खाली असंही लिहिलंय की त्यातले निदान ३० टक्के पुढे पोहत जाणारे हवेत, आणि आकाराने चांगले निदान ४ टक्के हवेत. हो, फक्त ४. म्हणजे ज्यांना पटापट मुलं झाली त्यांचेही शंभरातले नव्वदच्या वर वेडेवाकडे असू शकतात आणि तरी काम होतं, कारण उरलेले पोहतात. माझ्याकडे पोहणारा एकही नाही, मग ४ कोटी असोत नाहीतर ४० कोटी.

आणि हे एकदा स्पष्ट लिहितो कारण तोंडावर कुणी बोलत नाही पण डोळ्यांत दिसतं. बाकी सगळं व्यवस्थित आहे. हॉर्मोन नॉर्मल, टेस्टोस्टेरॉन नॉर्मल, दाढी तुमच्यापेक्षा दाट. बेडरूममधलं आणि मायक्रोस्कोपखालचं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे दोन्हींना 'मर्द' या एकाच शब्दात कोंबतात, त्यामुळे मला शिलाजीत देणाऱ्यांचा राग येतो. अश्वगंधा झालं, कवचबीज झालं, दुधातून काहीतरी काळं झालं. घट्ट जीन्स बंद केल्या, लॅपटॉप मांडीवरून टेबलावर गेला, बुलेट विकली. बुलेट विकली याचं दुःख मला अजून आहे, स्पर्मपेक्षा जास्त असं बायको म्हणते.

सुरुवातीची दोनेक वर्षं तर या शून्यावर कुणाचा विश्वासच बसत नव्हता. पहिल्या लॅबने सांगितलं सॅम्पल उशिरा पोचलं असेल, गार झालं असेल, परत द्या. परत दिलं, परत शून्य. मग एका डॉक्टरने (नाव लिहीत नाही, लिहिण्यात अर्थ नाही) सोनोग्राफीत व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषाजवळच्या फुगलेल्या शिरा, बघितलं आणि म्हणाला हेच कारण, ऑपरेशन केलं की तीन महिन्यांत फरक. ऑपरेशन झालं. तीन महिने का, तर एक स्पर्म मुळापासून तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात आणि वर बाहेर यायला आणखी काही दिवस, म्हणून प्रत्येक गोळीचा, प्रत्येक पथ्याचा निकाल तीन महिन्यांनी. हा तीन महिन्यांचा हिशोब फार वाईट असतो, कारण दर वेळी तुम्हाला वाटतं की आत्ता जे बनतायत ते चांगले असतील. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला, शून्य. मग कोएन्झाइम क्यू, कार्निटिन, झिंक, परत तीन महिने. एवढ्या सगळ्या काळात त्या काचेवर नुसती हालचाल मोजली जात होती. शेपटी आहे का, हे कुणी नीट बघितलंच नव्हतं.

ज्याने बघितलं तो अँड्रॉलॉजिस्ट, म्हणजे पुरुषांच्या वंध्यत्वाचा डॉक्टर, पुण्याचा. त्याने माझ्यासमोर स्लाइड लावली, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाला, बघा, हे पोहत नाहीयेत कारण यांच्याकडे पोहायला काही नाहीच. मग त्याने एक लाल रंग लावून दाखवला, मेलेले असतात ते रंग शोषून गुलाबी होतात, जिवंत पांढरे राहतात. बरेच पांढरे होते. मी तिथे अर्धवट हसलो असेन बहुतेक, कारण तो म्हणाला, हसू नका, ही चांगली बातमी आहे.

आता हे नक्की काय असतं ते मला जसं समजलं तसं सांगतो. मी डॉक्टर नाही, साइट इंजिनीअर आहे, पण या एका विषयात मी आता तुमच्या फॅमिली डॉक्टरशी भांडू शकतो.

प्रत्येक पेशीला आतून सांगाडा असतो, हाडांचा नाही, प्रोटीनचा. ट्यूब्युलिनच्या नळ्या, ॲक्टिनचे धागे. आपल्या अंगातल्या बऱ्याचशा पेशी आयुष्यभर साधारण त्याच आकारात असतात, पण स्पर्म होणारी पेशी सुरुवातीला चक्क गोल असते आणि तिला टोकदार डोकं, मान आणि लांब शेपटी अशा वस्तूत बदलायचं असतं, आणि हे सगळं तो सांगाडा करतो. गोल केंद्रकाभोवती नळ्यांचा एक घेर उभा राहतो, त्याला मॅन्शेट म्हणतात. त्याच्या आधाराने डोकं लांबट, निमुळतं होतं, त्याच नळ्यांवरून शेपटीचं सामान खाली उतरवलं जातं, आणि काम झालं की तो घेर मोडून टाकला जातो, तयार स्पर्ममध्ये त्याचा पत्ता नसतो. हे ऐकल्यावर मी डॉक्टरला म्हणालो, म्हणजे सेंट्रिंग. स्लॅब टाकायच्या आधी उभं करतो, काँक्रीट धरलं की काढून टाकतो, पण ते चुकलं असेल तर स्लॅबच चुकतो. तो म्हणाला, सेंट्रिंग म्हणजे काय? असो. ॲक्टिनही लागतं, डोक्यावरची टोपी जागच्या जागी बसायला, आणि ज्या पेशी या पोरांना वाढवतात त्यांना धरून ठेवायला. टोपीच बसली नाही तर डोकं गोलच राहतं, तसेही पुरुष असतात, त्यांच्यात बऱ्याचदा डीपीवाय१९एल२ नावाचं जनुक गायब असतं. ते माझं नाही, माझं डोकं ठीक आहे.

माझं शेपटीचं. शेपटीच्या आत बुडापासून टोकापर्यंत नळ्या जातात, कडेने ९ जोड्या आणि मधोमध २ सुट्या. माणसात हाच नकाशा आणि समुद्रातल्या सी अर्चिनमध्येही हाच. त्या ९ जोड्यांवर डायनीन नावाच्या प्रोटीनचे हात असतात, बाहेरच्या बाजूला एक रांग, आतल्या बाजूला एक. डायनीन हे नाव इयान गिबन्स यांनी १९६५ मध्ये दिलं. एका जोडीवरचे हात शेजारच्या जोडीला पकडून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळत तिला सरकवतात, पण नळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात त्यामुळे त्या नुसत्या सरकू शकत नाहीत, वाकतात, आधी एका बाजूला मग दुसऱ्या बाजूला, आणि ती झाली वळवळ. माझ्यात आतल्या रांगेतल्या एका हाताचं प्रोटीन बनत नाही. डीएनएएच१ हे त्या जनुकाचं नाव, हे बिघडलं की शेपटीचं असं होतं हे २०१४ मध्ये फ्रान्सच्या टीमने दाखवलं. आणि एक हात नाही म्हणून फक्त पोहणं थांबतं असंही नाही, बांधकामच बिघडतं, बऱ्याच शेपट्यांत मधल्या त्या २ नळ्याच नसतात, भोवतालचं आवरण वेडंवाकडं होतं, म्हणून खुंट.

यावर 'मग एखादी गोळी असेलच की' असं म्हणणाऱ्यांसाठी, नाही. तयार स्पर्ममध्ये डीएनए इतका गच्च आवळून बंद केलेला असतो की त्यात नवीन प्रोटीन बनवणं जवळपास थांबलेलं असतं, आणि जिथे शेपटी बांधली जाते तिथे कृतीच चुकीची लिहिलेली आहे. झिंक खाऊन कृती सुधारत नाही.

छातीचंही विचारलं होतं त्या डॉक्टरने. श्वासनळीत जे बारीक केस हलत असतात त्यांच्या आतही तोच ९ आणि २ चा नकाशा. स्वीडनच्या ब्योर्न ॲफझेलियस यांनी १९७६ मध्ये लिहिलं की काही पुरुषांचे स्पर्मही हलत नाहीत आणि श्वासनळीतले केसही, आणि त्यातल्या काहींचं हृदय उजवीकडे असतं. म्हणून मला विचारलं, लहानपणापासून सर्दी, कफ, सायनस? एक्स-रे काढला. हृदय डावीकडे, फुप्फुसं साफ. फुप्फुसातल्या केसांना डायनीनचे दुसरे प्रकार पुरतात म्हणे, त्यामुळे माझ्यासारख्यांचं फक्त एकाच ठिकाणी अडतं. देवाने एवढं अचूक नेम धरून काय मिळवलं हे मला कळलेलं नाही.

इथपर्यंत सांगायला मला काहीच वाटत नाही, खरं तर बरं वाटतं. पुढचं अवघड आहे.

रक्ताचा जेनेटिक रिपोर्ट आल्यावर काउन्सेलिंगला बोलावलं. आई तेव्हा मोतीबिंदू दाखवायला पुण्यात आली होती, ती म्हणाली मी पण येते, आणि तिला बाहेर बसवायचं माझ्या डोक्यात आलं नाही, आलं असतं तरी ती बसली नसती. काउन्सेलर म्हणजे पोरगीच होती, माझ्या धाकट्या भावापेक्षा लहान वाटावी अशी. कोऱ्या कागदावर चौकोन आणि गोल काढत होती, पुरुष चौकोन, बाई गोल, भावंडं किती, वडिलांना किती, आईंना किती, कोण कधी गेलं, कशाने गेलं. आई एकदम खुशीत, कारण तिच्या माहेरचं इतकं सविस्तर कुणी विचारतच नाही. तिने विट्याच्या घराचं, विहिरीचं, सगळं सांगायला घेतलं. मग त्या पोरीने सहज विचारलं, काकू, तुमचं लग्न नात्यात झालंय का?

"व्हय की. आत्याच्याच घरात दिली मला. सासू म्हणायची नुसती, आत्याच होती माझी. एक दिवस वाईट बोलली नाही."

पोरीने बाबांचा चौकोन आणि आईचा गोल जोडणारी रेघ काढली आणि तिच्याखाली लागून दुसरी रेघ मारली.

"दोन का मारल्यास?" आई म्हणाली.

"नात्यात लग्न असलं की दोन मारतात, काकू."

"का पण?"

मला वाटलं मी बोलावं, पण ती पोरगीच बोलली आणि चांगली बोलली. की प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून एक वडिलांकडून, एक खराब असली तरी दुसरीवर भागतं, आणि अशी एखादी खराब प्रत आपल्या सगळ्यांकडेच असते, माझ्याकडेही असेल. पण नवरा-बायकोचे आजी-आजोबा एकच असले की तीच खराब प्रत दोन्ही वाटांनी खाली येऊन एका मुलात भेटू शकते. आते-मामे भावंडांच्या मुलात कुठलंही एक जनुक घेतलं तर त्याच्या दोन्ही प्रती अशा एकच निघण्याची शक्यता सोळात एक.

"म्हणजे पंधरा येळा काय होत नाही."

आई चौथी शिकलेली आहे. पोरगी म्हणाली, बरोबर काकू, बहुतेकांना काहीच होत नाही.

"मग आमच्यात पिढ्यान्पिढ्या असंच चालत आलंय. मामाची पोरगी आधी मागायची, तिला सोडून बाहेर कोण जातंय. सगळ्यांना पोरं झाली."

आणि सगळ्यांना म्हणताना ती थांबली. मी तिच्याकडे बघत होतो, ती कागदाकडे बघत होती. मग म्हणाली, तात्यांचा चौकोन काढ.

तात्या म्हणजे आईचे धाकटे काका, माझ्या आजीचेही धाकटे भाऊ. त्यांच्याही आई-वडिलांचं लग्न असंच मामाच्या घरातलं. तात्यांची दोन लग्नं. पहिली बायको, थोरली काकी म्हणायचे तिला, काही वर्षं मूल झालं नाही म्हणून काडीमोड देऊन भावाकडे पाठवली. दुसरी केली, तिलाही झालं नाही. गावात सगळे म्हणायचे काय नशीब तात्याचं, दोन्ही वांझ निघाल्या. तात्यांना कुणी काही म्हणालं नाही, तात्या पैलवान माणूस, सत्तरीतही सायकलवर. हे मला माहीत होतं, घरात सगळ्यांनाच माहीत आहे. पण पुढचं मला माहीत नव्हतं आणि ते आईने तिथे, त्या एसी खोलीत, त्या अनोळखी पोरीला सांगितलं.

की माझ्या वेळच्या डोहाळजेवणाला थोरली काकी आली होती. कुणी बोलावलं नव्हतं, तिचं माहेर जवळच होतं, कळलं असेल, चालत आली, खण-नारळ घेऊन. तिचा आईवर लहानपणापासून जीव. आत ओट्या भरणं चाललेलं, ती उंबऱ्याशी येऊन थांबली. बायका गप्प झाल्या. आत्या म्हणजे माझी आजी, जी एक दिवस वाईट बोलली नाही ती, म्हणाली, तू आत नको येऊस, बाहेरच बस, जेवूनच जा. "आणि काकीनं माझ्याकडं बघितलं," आई म्हणाली, "मी म्हणले असते की येऊ दे तर आत्यानं ऐकलं असतं. मी पदर पुढं केला नाही. मला पण भ्याच वाटलं की, पोटात हा."

हा म्हणजे मी.

त्या पोरीला काय बोलावं कळेना. ती म्हणाली, काकू, तात्यांचं हेच होतं असं आपण नाही म्हणू शकत, तपासायला काही नाही, दुसरी कारणंही शंभर असतात. आणि खरं आहे ते, मीही आईला तेच सांगितलं, अजून सांगतो. मूल न होण्याची कारणं ढीगभर असतात, तात्यांना तरुणपणी गालफुगी होऊन खाली अंडकोषात उतरली असेल, काहीही असेल. पोरीने तात्यांच्या चौकोनात प्रश्नचिन्ह काढलं. आई म्हणाली, तू प्रश्नचिन्ह काढ नाहीतर काहीपण काढ, मला कळायचं ते कळलं.

गाडीत ती रडली वगैरे नाही. हडपसर येईपर्यंत गप्प होती आणि मग विचारलं, त्या बाईला कधी कुणी एक फोटोपण पाठवला नाही ना रे आपल्याकडून, तुझा? मी काय सांगणार. थोरली काकी जाऊन बरीच वर्षं झाली.

त्याच संध्याकाळी आईने मामाला फोन केला आणि धाकट्यासाठी तुझी पोरगी मागणार नाही म्हणून सांगितलं. कारण दिलं नाही. सुपारी फुटायची बाकी होती फक्त. तर मामा, आणि मामाच्या बाजूने बोलणारे सगळे, तुम्ही जे विचारताय की सोयरीक का मोडली, पैशासाठी का, पोरीत काही खोट काढली का, त्याचं उत्तर हे. पोरीत काही नाही. (तिला काय हवं होतं हे तेव्हाही कुणी विचारलं नाही आणि आताही नाही, पण तो वेगळा विषय.) धाकट्याला हे सगळं वाचून दाखवलंय, तो लिही म्हणाला.

गंमत अशी की मला आईचा निर्णय शास्त्राने बघितला तर अर्धाच पटतो. नात्यातलं लग्न टाळलं तर पुढच्या पिढीला दोन खराब प्रती मिळण्याचा धोका कमी होतो, बरोबर. पण धाकट्याचं स्वतःचं काही बदलत नाही. आई-बाबा दोघांकडे एकेक खराब प्रत आहे हे माझ्यामुळे सिद्धच झालं, म्हणजे धाकट्याला दोन्ही मिळाल्या असण्याची शक्यता चारात एक, आणि मिळाल्या असतील तर तो जन्मल्यापासून तसाच आहे, मग बायको मामाची करो नाहीतर नागपूरची. ते बघायला जेनेटिक टेस्टही लागत नाही, साधं सॅम्पल, काही शे रुपये, एका तासात रिपोर्ट. मी त्याला म्हणालो लग्नाआधी कर, समोरच्या मुलीला माहीत असायला हवं. तो म्हणाला, दादा, तुला कळलं त्याने तुझं काय झालं सांग, मग करतो.

यावर मी बरंच तावातावाने बोललो आणि नंतर रात्रभर स्वतःशीच भांडत बसलो. कारण टेस्टच्या आधी मी बायकोला हेच पटवत होतो, की कारण कळलं की निम्मं काम झालं. ती म्हणायची, नाव कळून काय होणार, नावाला घेऊन दवाखान्यात नाचणार आहेस का? तेव्हाचा मी तिला अडाणी म्हणायच्या बेतात होतो. आता तेव्हाच्या मला विचारावंसं वाटतं, काय रे, निम्मं काम कुठलं झालं? आणि तो म्हणेल, गोळ्या बंद झाल्या, ऑपरेशनं बंद झाली, दर तीन महिन्यांची आशा बंद झाली, हे काय कमी आहे? खरंय. पण आईचा तो एक समज होता ना, की आपलं घर चांगलं, आत्याकडे दिली, सुखात राहिले, तोही गेला, आणि तो काही मी टेस्टला टाकला नव्हता. दोन्ही बाजू माझ्याच आहेत आणि मला अजून निकाल देता येत नाही. धाकट्याचं उत्तर द्यायचं राहिलंय.

आता इक्सी. 'मग टेस्ट ट्यूब करा की' म्हणणाऱ्यांनो, केलं. इक्सी ही पद्धत ब्रसेल्सला निघाली, १९९२ साली पहिलं मूल झालं, त्यात एक स्पर्म सुईत घेऊन सरळ अंड्यात सोडतात, म्हणजे पोहायचा प्रश्नच नाही. आणि डीएनएएच१ वाल्यांचा निकाल इतर प्रकारांच्या मानाने चांगला येतो असं प्रसिद्ध झालेलं आहे, ही त्या रिपोर्टमधली एकमेव ओळ जी मी प्रिंट काढून ठेवलीय. अडचण एवढीच की सगळेच निपचित पडलेले, त्यातला जिवंत कुठला हे ओळखायचं कसं, रंग लावला तर तो वापरता येत नाही. मग पातळ द्रावणात टाकतात, जिवंत असेल तर पाणी आत घेतो आणि शेपटी फुगून वळते. माझ्याकडे वळायला शेपटी कुठली, तर एम्ब्रियॉलॉजिस्ट बाई, म्हणजे लॅबमध्ये गर्भ तयार करणाऱ्या, खुंटाला आलेली सूज बघून निवडत बसल्या होत्या, तासन् तास. त्या बाईंना माझा नमस्कार.

आणि एक गोष्ट मला डॉक्टरने सांगितली ती मला फार आवडली. बापाकडून फक्त डीएनए येतो असं आपल्याला वाटतं, पण माणसात मानेपाशी जे सेंट्रिओल असतं, जिथून शेपटी उगवते, तेही स्पर्मकडूनच अंड्यात जातं आणि गर्भाची पहिली विभागणी त्याच्या आधाराने होते. उंदरात असं नाही म्हणे, माणसात आहे. म्हणजे शेपटी फसली असली तरी तिचा पाया कामाला येतो. फलित झाली अंडी, वाढली, एक गर्भ बायकोच्या गर्भाशयात सोडला, टिकला नाही. बाकीचे फ्रीझमध्ये आहेत, कायद्याने दहा वर्षं ठेवता येतात.

मूल झालंच तर त्याला माझ्याकडून एक खराब प्रत जाणारच, पण बायकोची बाजू तपासली, स्वच्छ आहे, त्यामुळे त्याचं माझ्यासारखं होणार नाही. हेही बरेच जण विचारतात म्हणून.

आता जे कुणी विचारत नाही ते. अडलंय माझ्यात आणि सुया तिच्या पोटात. रोज ठरलेल्या वेळी, फ्रीजमधून काढून, स्वतःच्या हाताने, ऑफिसच्या टॉयलेटमध्येसुद्धा. पोट फुगलेलं, मूड गेलेला, अंडी काढायला भूल तिलाच, टिकला नाही तेव्हा रक्त तिचंच गेलं. मी काय केलं, तर एका खोलीत जाऊन डबीत सॅम्पल दिलं आणि बिल भरलं. ती एकदा भांडणात म्हणाली, तुझ्या शेपटीसाठी मी किती वेळा टोचून घ्यायचं ते एकदा सांग. मी रागावलो, कारण तेव्हा मला वाटलं मूल आपल्या दोघांना हवंय. ती म्हणाली, मला हवंय की नाही हे मला टोचणं थांबल्यावरच कळेल. अजून थांबलेलं आहे आणि अजून तिला कळायचंय. मला हवंय. रोज हवंय असंही नाही, खरं सांगायचं तर, पुतण्या-भाच्यांना दोन तास सांभाळलं की कमी हवं असतं.

आणि एवढं सगळं असताना श्रावणात सोमवार तिने करायचे, ओटीला तिला मागे ठेवायचं, आणि मला पाठीवर थाप, होईल रे काळजी करू नकोस. मावशीने मागच्या महिन्यात तिच्यासमोर दुसऱ्या लग्नाची गोष्ट काढली, चेष्टेत म्हणे. मावशी, दुसरी आणली तरी माझी शेपटी तीच राहणार आहे. तात्यांचं बघितलंय ना तुम्ही, तुमचेच काका ते.

एप्रिलमध्ये फ्रीझिंगची वर्षाची फी भरायची आहे. भरायची एवढं दोघांचं ठरलंय. पुढे गर्भ सोडायचा की नाही, कधी, ते ती ठरवेल आणि तिला हवा तेवढा वेळ घेईल. त्या वेळात कुणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा, तिला नाही. माझा नंबर सगळ्यांकडे आहे. आणि मामा, तुम्ही आईला फोन करा, ती रोज वाट बघते आणि स्वतःहून करणार नाही.